महिन्यातून एकदा, पाऊण तास: ज्येष्ठांपर्यंत प्रत्यक्ष गाणं कसं न्यावं

आमचा पहिला कार्यक्रम सपशेल पडला. १ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन. संध्याकाळी सहाची वेळ, भाड्याने आणलेले दोन उंच स्पीकर-बॉक्स, मागे आमच्याच फोटोंचा फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं. पहिलं गाणं सुरू व्हायला पावणेसात वाजले. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. साडेसातला जेवणाची घंटा झाली आणि अर्धा हॉल उठून चालता झाला. त्यानंतरचं गाणं आम्ही रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं.

मी मिरजेचा, पेटी वाजवतो. एक गायिका, एक तबलजी आणि मी असं आमचं त्रिकूट आहे. त्या फजितीनंतर आम्ही फ्लेक्स आणि बॉक्स दोन्ही सोडले. आता दर महिन्याच्या एका ठरलेल्या बुधवारी वृद्धाश्रमात पाऊण तास गातो आणि मधूनमधून कुणाच्या घरी जातो. तुमचं भजनी मंडळ असेल, गाण्याचा क्लास असेल, सोसायटीतली चार हौशी माणसं असतील, तर हे तुम्हालाही जमेल. आम्ही चुकतमाकत जे शिकलो ते इथे मांडतो.

आधी रिकाम्या हातांनी जा

पहिल्या भेटीला वाद्यं नेऊ नका. जागा एकच निवडा: वृद्धाश्रम, ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र किंवा आपलीच सोसायटी. ओळखीचं दार नसेल तर ज्येष्ठ नागरिक संघापासून सुरुवात करणं सोपं. आपल्याकडे गावोगावी असे संघ आहेत आणि त्यातले बरेचसे फेस्कॉम या राज्यव्यापी महासंघाशी जोडलेले आहेत. त्यांचा आठवड्याचा दिवस ठरलेला असतो, जागा असते आणि कार्यक्रम शोधणारा एखादा उत्साही कार्यवाहही असतो.

व्यवस्थापकांशी बोलणं होईलच, पण खरी माहिती मावशींकडे असते. आंघोळ घालणाऱ्या, जेवण भरवणाऱ्या मावशींना विचारा: दुपारी किती वाजता झोपतात, चहा कधी, लघवीची गोळी कोणाकोणाला सकाळी असते, कुणाला गर्दी सहन होत नाही, कोण आपल्याशी गुणगुणतं. आमच्या यादीतली पहिली चार नावं अशीच मिळाली. 'त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या ना, भांडी घासल्याचा आवाज आला की ओव्या म्हणतात,' असं एका मावशींनी सांगितलं. ही नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हती.

मग आजी-आजोबांशी गप्पा मारा. आणि हो, सरसकट 'आजी-आजोबा' म्हणू नका. मी लेखात सोयीसाठी म्हणतोय, पण तोंडावर एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी मला सुनावलं होतं, 'मी तुमची आजी नाही. मला बाई म्हणा.' कुणी सर असतात, कुणी काकू, कुणी अण्णा. विचारून घ्यावं आणि वहीत लिहावं.

यादी: जन्मसालात पंधरा मिळवा

'म्हाताऱ्या माणसांना काय, भजनं आवडतात' हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. भजनं आवडतातच, पण ती त्यांना रोज सकाळी स्पीकरवर ऐकवली जातातच. माणसाच्या आठवणीत घट्ट रुतलेली गाणी साधारण दहा ते पंचविशीच्या वयातली असतात. म्हणून हिशेब सोपा ठेवा: जन्मसालात पंधरा मिळवा आणि त्या सालाच्या आगेमागे पाच-सात वर्षं शोधा.

१९४० च्या आसपास जन्मलेली व्यक्ती पंधराची झाली १९५५ मध्ये. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं. शेजारच्या घरी जाऊन रेडिओसमोर बसणारी ती पोरं आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. हिंदी गाण्यांसाठी सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ पासून होती आणि विविध भारती आली १९५७ मध्ये. १९५५ च्या आसपास जन्मलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तो १९७० साली पंधरा वर्षांचा होता. त्याला भक्तिगीतांचा डोस पाजलात तर तो मनातून वैतागेल, कारण त्याच्या डोक्यात इराण्याच्या हॉटेलातला ज्यूकबॉक्स वाजत असतो. एकाच हॉलमध्ये नव्वदीची आई आणि सत्तरीची मुलगी दोघी राहत असल्याचं मी पाहिलंय. दोघींची यादी एक कशी असेल?

मग माणूस कुठला, हे बघा. शेतावर आयुष्य काढलेल्या बाईंना रेडिओपेक्षा जात्यावरच्या ओव्या, हादग्याची गाणी, पाळणे, गवळणी जवळच्या. एखाद्या आजोबांनी यात्रेत तमाशाचे फड रात्र रात्र जागून पाहिलेले असतात, पण लावणीची फर्माईश सर्वांसमोर करायला ते लाजतात. त्यांना बाजूला घेऊन विचारा. आमच्याकडे सीमाभागामुळे कानडी बोलणारे पुष्कळ; आम्ही दासांची, म्हणजे कर्नाटकातल्या संतकवींची, दोन कानडी पदं पाठ केली. उच्चार चुकले की एक अज्जी हसून दुरुस्त करतात आणि त्यांना ते गाण्याहूनही जास्त आवडत असावं. मुसलमान चाचांसाठी एखादी कव्वाली, गोव्यात एखाद्या ख्रिस्ती आजींसाठी मांडो हे कोकणी गाणं, असं जिथल्या तिथलं हवं.

आणखी एक. समोरची माणसं आपल्याहून जास्त गाणं ऐकलेली असू शकतात हे धरून चला. मिरजेत तर नक्कीच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात होणाऱ्या संगीतसभा ऐकतच इथली एक पिढी मोठी झाली. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांची जवारी काढण्यात, म्हणजे तारांचा नाद घासूनपुसून जुळवण्यात, हयात गेलेले एक गृहस्थ आमच्या दुसऱ्याच बैठकीला होते. गाणं संपल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, 'पेटीचा गंधार चढा आहे हो तुमच्या.' माझी पेटी बिघडलेली नव्हती. बहुतेक पेट्यांचा शुद्ध गंधार, म्हणजे सारेगमतला ग, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराहून किंचित चढा असतो, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. नव्या पिढीच्या किती गवयांना हे ऐकू येतं, देव जाणे. तेव्हापासून त्यांच्या समोर मी गंधारावर पेटी हलकी ठेवतो.

तिघं पुरेत

ऑर्केस्ट्रा नको. एक गाणारा, एक ठेका धरणारा, एक सूर धरणारा. कराओके ट्रॅकवर गाणारे ग्रुप आता गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा उत्साह खरा असतो, पण ट्रॅक थांबत नाही. आजींनी मध्येच धृपद पुन्हा धरलं तर तबलजी त्यांच्यासाठी एक आवर्तन फिरवेल, ट्रॅक फिरवणार नाही. प्रत्यक्ष वाद्याचा उपयोग नेमका इथे आहे. तबलजी नसेल तर खंजिरी आणि टाळ चालतील, पण टाळ हळू. त्याबद्दल पुढे.

गाणारा निवडताना गळ्याबरोबर नजर बघा. वहीत डोकं घालून गाणारा सुरेल गायक इथे उपयोगाचा नाही. गाणी पाठ हवीत, म्हणजे डोळे मोकळे राहतात.

पैशाचा विषय सुरुवातीलाच स्पष्ट करा. तुम्ही हौशी असाल तर प्रश्न नाही, पण ज्याचं घर तबल्यावर चालतं त्याला 'पुण्याचं काम आहे' म्हणून फुकट बोलावू नका. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये 'लाइव्ह म्युझिक नाऊ' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या तरुण वादकांना वृद्धांच्या, आजाऱ्यांच्या संस्थांमध्ये पाठवायचं आणि त्याचं मानधन द्यायचं, ही त्यामागची कल्पना. फुकट येणारा तबलजी दोन महिने येतो, तिसऱ्या महिन्यात लग्नाची सुपारी मिळते आणि तुमचा बुधवार बुडतो. आमच्याकडे वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त एकेक कुटुंब एका महिन्याचं मानधन उचलतं. बदल्यात नाव घोषित करायचं नाही, भाषण नाही. एवढ्या अटीवरही लोक मिळतात.

दिवस आणि वेळ

वृद्धाश्रमात पितृपक्षात अन्नदानाची रांग लागते. १ ऑक्टोबरला सत्कार आणि दिवाळीत फराळाचे इतके डबे की अर्धे वाटून टाकावे लागतात. मग जानेवारी-फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. तुमचा दिवस सणांपासून लांबचा, साधा आणि पक्का असू द्या. 'तिसरा बुधवार' असं म्हटलं की लक्षात राहतो. दोन महिन्यांनी लोक त्या बुधवारी सकाळपासूनच धुतलेलं पातळ नेसून बसायला लागतात.

वेळ सकाळी साडेदहा किंवा दुपारी चहानंतर, साधारण चार वाजता. सूर्य कलल्यावर नको. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता, घरी जायचा हट्ट, घाबरणं हे सगळं संध्याकाळी वाढतं. शिवाय सहानंतर मालिका सुरू होतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. लांबी पाऊण तास, आठ किंवा नऊ गाणी. लोक 'अजून एक' म्हणत असताना उठणं मला अजून जड जातं, पण उठतो.

खोली लावणं

तासभर आधी पोहोचा आणि टीव्ही बंद करा. स्वयंपाकघरात मिक्सर लागणार आहे का, विचारा. मोझेकची फरशी आणि उघड्या भिंती यांनी आवाज घुमतो. खिडक्यांना पडदे असतील तर ओढा, भिंतीलगत चादरी टांगता आल्या तरी फरक पडतो. जमिनीवर सतरंजी मात्र जपून. तिची दुमडलेली कड म्हणजे माकडहाडाचा किंवा खुब्याचा अपघात. वायर असेल तर ती भिंतीकडून फिरवून चिकटपट्टीने फरशीला चिकटवा.

खुर्च्या हातांच्या हव्यात, उठताना आधार मिळतो. मांडणी घोड्याच्या नालासारखी, दोनच रांगा. सगळ्यात लांबच्या माणसापासून गाणाऱ्याचं अंतर दहा-बारा फुटांहून जास्त नको. व्हीलचेअर सवयीने शेवटी, कडेला ढकलल्या जातात. त्यांना पुढच्या रांगेत जागा ठेवा. स्वच्छतागृहाकडची वाट मोकळी असू द्या, म्हणजे उठावं लागलं तरी कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

आता आपली बैठक. आपण सवयीने खाली गादी टाकून बसतो, समोर खुर्च्यांवर माणसं, मग दुसऱ्या रांगेला दिसतं काय तर गवयाचं टाळकं. फूटभर उंचीचा चौथरा किंवा दोन दिवाण जोडून बसा. खिडकीला पाठ करू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, आणि कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ऐकणं ओठांवरून करत असतो.

आवाज: कमी, आणि स्वच्छ

वयोमानाने ऐकू कमी येतं म्हणजे सगळंच सारखं कमी येतं, असं नाही. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. त्यामुळे स, श, त, फ असले वर्ण पुसट होतात, शब्द कळत नाहीत, 'ऐकू येतंय पण समजत नाही' अशी तक्रार असते. गंमत अशी की तेच कान मोठ्या आवाजाने पटकन दुखावतातही. हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा वाढवला की असह्य, अशी ती अरुंद पट्टी असते. आमच्या पहिल्या कार्यक्रमात त्या आजोबांनी यंत्र का काढलं, ते पुढे एका ऑडिऑलॉजिस्टशी बोलल्यावर कळलं.

म्हणून पंचवीस माणसांपर्यंत माईक लावूच नका. त्याहून जास्त असतील तर एक छोटा स्पीकर, फक्त आवाजाला, कानाच्या उंचीवर. साऊंडवाल्याला पहिलं वाक्य सांगायचं: 'इको बंद.' आपल्याकडे इकोशिवाय गाणं गोड लागत नाही असा एक समज आहे, पण त्या घुमण्यात शब्द वाहून जातात. टाळ आणि झांजा पुढच्या रांगेजवळ कडकडीत वाजवू नका. श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं असतं. त्यातून तीव्र आवाज फाटल्यासारखे येतात. बऱ्याच नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते. घरच्यांना सांगा, पुढच्या तपासणीला ती चालू करून घेतील. मध्येच कुठे शिटी वाजायला लागली तर यंत्र कानात नीट बसलेलं नाही. मावशींना खुणावा, गाणं थांबवून माणसाकडे बोट दाखवू नका.

निवेदन करताना ओरडू नका. ओरडलं की आवाज चिरका होतो, म्हणजे नेमका त्यांना न ऐकू येणाऱ्या भागात जातो. खालच्या सुरात, सावकाश, वाक्य संपवून बोला.

पट्टी आणि लय

गाणाऱ्या मंडळींशी माझं सर्वांत जास्त वाजतं ते इथे. आमच्या गायिकेला काळी पाच सोयीची, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून गायचं. त्या पट्टीत अंतरा तार सप्तकात गेला की समोरच्या बायका गप्प होतात. त्यांना गाणं येत नसतं असं नव्हे. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो आणि श्वासही आखूड होतो. आम्ही पांढरी चारवर आलो आणि हॉल गायला लागला. गायिकेला खालचे स्वर दाबून धरावे लागतात, ती कुरकुरते. पण बैठक तिच्या गळ्याची नाही. तबलजीला पट्टी आदल्या दिवशी कळवा, नाहीतर तो टिपेचा, उंच सुराचा तबला घेऊन येतो आणि मग ठोकाठोकीत वीस मिनिटं जातात. पुरुष जास्त असतील तर एखादं गाणं काळी एकमध्ये घ्या.

लय मूळ गाण्यापेक्षा जराशी कमी, पण रेंगाळलेली नको. टाळ्या पडल्या की लय त्यांच्या हातांवर सोडा. केहरवा, दादरा, भजनी ठेका, बस. मुखडा दोनदा म्हणा. पहिल्यांदा ओळख पटते, दुसऱ्यांदा तोंड उघडतं. आलाप-ताना घरी ठेवून या.

एक युक्ती सांगतो. ओळीचा शेवटचा शब्द गाऊ नका. तिथे आवाज काढून घ्या, पेटीवर सूर धरून ठेवा आणि समोर बघा. पहिल्या वेळी कुणीतरी एकजण तो शब्द टाकतो. तिसऱ्या ओळीला पाच-सहा जण वाट बघत असतात. जे 'मला नाही येत हो गाणं' म्हणून हात जोडतात, तेही तो एक शब्द म्हणतात.

शब्दांचे कागद द्यायचे तर अक्षर मोठं, चोवीसच्या वर. एका पानावर एकच गाणं, एकाच बाजूला, पांढऱ्यावर काळं. आम्ही हौसेने लॅमिनेशन केलं होतं. ट्यूबलाइटची चमक पडून एकालाही काही वाचता आलं नाही.

प्रत्यक्ष पाऊण तास

वाद्यं जुळवणं लोक यायच्या आधी उरका. माणसं बसायला लागली की प्रत्येकाजवळ जाऊन नावाने नमस्कार करा. यात दहा मिनिटं गेली तरी चालेल, ती कार्यक्रमातलीच आहेत. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक यांना पूर्ण रजा. पहिलं गाणं सर्वांना माहीत असलेलं आणि मध्यलयीतलं. दुसऱ्यापासून एकेका माणसाची फर्माईश: 'हे गाणं मागच्या वेळी बाईंनी सांगितलं होतं.' मध्यावर, पाचव्या गाण्याच्या सुमाराला, खंजिरी आणि घुंगरांची पट्टी समोरच्यांच्या हातात द्या. हात थरथरत असतील तर घुंगरू आपोआप वाजतात, आणि कंपवाताच्या एका काकांनी हा विनोद स्वतःच केला: 'माझा ठेका बघा, थांबतच नाही.' मग एक जोरकस गाणं, एक शांत, आणि शेवट भैरवीने. भैरवी आली की इथल्या माणसांना बैठक संपली हे वेगळं सांगावं लागत नाही. मात्र निरोपाच्या, पैलतीराच्या शब्दांची गाणी आम्ही आपणहून घेत नाही. कुणी मागितलं तर जरूर गातो.

संपल्यावर लगेच पेटीचा भाता मिटू नका. पंधरा मिनिटं बसा. खरं बोलणं तेव्हा निघतं: कोण कुठल्या नाटक मंडळीत काम करायचं, कुणाच्या वडिलांनी रेडिओ घ्यायला म्हैस विकली. पुढच्या महिन्याची गाणी तिथेच मिळतात.

मध्येच काही घडतं तेव्हा

कुणी रडतं. गाणं थांबवून धावत जाऊ नका. शेजारी एकजण हळूच बसेल असं बघा आणि गाणं पूर्ण करा. नंतर विचारा, 'पुढच्या वेळी हे घेऊ का नको?' आम्हाला बहुतेकदा 'घ्या' असंच उत्तर मिळालं आहे.

कुणी झोपतं. झोपू दे. कुणी उठून येऊन माईकच मागतं आणि चौदा कडव्यांची आरती सुरू करतं. दोन कडव्यांनंतर पेटीने समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आणून टाळ्या वाजवा, हे कौशल्य सरावाने येतं. स्मृतिभ्रंशाच्या एखाद्या आजी मोठ्याने ओरडल्या किंवा कानावर हात ठेवले तर तो नकार आहे, मावशींनी त्यांना बाहेर न्यावं. 'थोडं ऐका ना, बरं वाटेल' असा आग्रह करू नये.

आणि एक प्रसंग, जो तुम्हालाही कधीतरी दिसेल. पक्षाघाताने वाचा गेलेले एक गृहस्थ. 'हो' आणि 'नको' याशिवाय शब्द नाही. त्यांच्या मुलाने शाळेतल्या त्यांच्या एका आवडत्या पदाचं नाव सांगितलं होतं. मी नुसते सूर धरले. डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत त्यांनी अख्खं धृपद शब्दांसकट म्हटलं. मुलगा उभाच राहिला. नंतर त्याने मला गाठून विचारलं, 'म्हणजे आता बोलायला लागतील?' मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. तिथे इजा झाली तरी पाठ असलेलं गाणं उजव्या बाजूच्या आधाराने निघू शकतं. याच गोष्टीवर आधारलेली उपचारपद्धतीही आहे, पण ती वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, नेमाने करायची असते. आपण तज्ज्ञ नाही. मुलाला तज्ज्ञांकडे जायला सांगायचं, त्याला खोटी आशा लावायची नाही, आणि पुढच्या बुधवारी तेच पद पुन्हा घ्यायचं.

खाटेवरच्या माणसासाठी

हॉलपर्यंत येऊ न शकणाऱ्यांकडे एकट्याने जा, फार तर दोघांनी. पेटी नको, भाता मारायचा आवाज बंद खोलीत मोठा वाटतो. फोनवरचा तंबोरा अगदी हळू लावा, किंवा तोही नको. डोळ्यांच्या उंचीवर बसा, पायथ्याशी उभे राहू नका. दोन-तीन गाणी, पंधरा मिनिटं. त्यांच्या श्वासाकडे बघत गा, लय त्यापेक्षा फार वेगळी ठेवू नका. डोळे मिटलेले असले तरी बोटं बघत राहा, कधी चादरीवर हलतात. घरच्या माणसांनाही बसवून घ्या. सतत शुश्रूषा करणारी सून किंवा बायको त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा टेकलेली असते.

आपल्याला सर्दी-खोकला असेल तर ही भेट रद्द करायची, भिडस्तपणा न करता.

परवानग्या आणि फोटो

हॉलच्या आत, माईकशिवाय गाताना कसली अडचण येत नाही. अंगणात स्पीकर लावायचा असेल तर पोलिसांची लेखी परवानगी लागते. शेजारी रुग्णालय असेल तर त्याच्या शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, ही तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. गाण्यांच्या हक्कांबद्दल लोक उगाच धास्तावतात. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत किंवा व्यावसायिक संच बोलावलात तर मात्र परवान्याचं बघावं लागतं. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असू शकते. आणि हॉलमध्ये गाणं व व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकणं या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिडिओचं म्हणाल तर तो टाकूच नये असं माझं मत. तोंडात दात नसताना, पातळ सरकलेलं असताना, डोळ्यांत पाणी असताना कुणाला चित्रित व्हायचं असेल का? ज्यांना आपण कुठे आहोत हेच आठवत नाही, त्यांची संमती कशी घेणार? नातवाने आपल्या आजीचा घेतला तर तो त्यांचा घरचा प्रश्न. आम्ही फोन पेटीच्या खोक्यात ठेवतो.

वही

दोनशे पानी साधी वही. प्रत्येकाला एक पान: काय म्हणायचं, कुठलं गाव, कोणती गाणी मागितली, कुठल्या गाण्याला तोंड फिरवलं, कोणत्या कानाने ऐकू येतं. बैठक संपल्यावर रिक्षात बसल्या बसल्या लिहायचं, घरी गेल्यावर निम्मं विसरतं. सोमवारी संस्थेला फोन करून कोण आजारी आहे, कोण नवीन आलंय ते विचारायचं आणि त्यानुसार यादीत एक-दोन गाणी बदलायची. फळ्यावर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून यायचं.

आमच्या वहीत आता काही पानांवर आडवी रेघ आहे. मुख्याध्यापिका बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचं गाणं यादीत ठेवावं की काढावं यावर आमची तिघांची बरीच वादावादी झाली, शेवटी ठेवलं. दुसऱ्या रांगेतल्या एक काकू, ज्या त्या गाण्याला नेहमी नाक मुरडायच्या, परवा म्हणाल्या, 'बाईंचं ते घ्या की.' त्यांच्या पानावर ते लिहून घेतलंय.